नाटक पडलं तरी चालेल अशी जागा

विंगेतला
रविवार, रात्री ११.२०

आत्ताच पुण्यातल्या एका छोट्या रंगमंचावरून घरी आलो. ऐंशी-नव्वद खुर्च्या. स्टेज असं वेगळं नाहीच, पहिल्या रांगेतल्या माणसाने पाय लांब केले तर नट अडखळेल एवढंच अंतर. नाटक सपशेल पडलं. दुसऱ्या अंकात लेखकाचे वडील (असावेत, चेहरा सारखा होता) चक्क घोरत होते. आणि तरी संपल्यावर मंडळी तासभर हलली नाहीत. दिग्दर्शक मुलगी कट्ट्यावर बसून एकेकाचं ऐकून घेत होती, वहीत टिपत होती. एका आजोबांनी "शेवट फार आधी कळतो गं" असं सांगितलं, तर म्हणाली, "आजोबा, पुढच्या महिन्यात परत या, बदलून दाखवते."

गाडी चालवताना डोक्यात तेच घोळत होतं. हेच नाटक हजार खुर्च्यांच्या थिएटरात पडलं असतं तर त्याला पुढचा महिना दिसला असता का?

आपल्याकडे शहराच्या सांस्कृतिक वैभवाची चर्चा निघाली की ती इमारतीपाशी येऊन थांबते. किती खुर्च्या, किती कोटी, एसी चालतो का, पार्किंग आहे का. माझं म्हणणं वेगळं आहे. शहराला सगळ्यात जास्त गरज असते ती पडायला परवडेल अशा जागेची. भाडं इतकं कमी की प्रयोग फसला तरी ग्रुप फुटत नाही, आणि तारीख इतकी सहज की फसलेलं दुरुस्त करून पुन्हा दाखवता येतं.

मुंबईचंच बघा. पन्नास-साठच्या दशकात वॉर्डन रोडला भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट होतं. एका बंगल्यात रविशंकरांची संगीतशाळा, गायतोंडे आणि हुसेन चित्रं काढतायत, नाट्यदिग्दर्शक अल्काझींच्या तालमी चालल्यात. विजयाबाई मेहतांच्या 'रंगायन' या नाट्यसंस्थेचं घरही तेच. अमुक चित्रकार तमुक नटाला भेटावा म्हणून कुणी कार्यक्रम आखलेला नव्हता, जिना एक होता म्हणून भेटत होते. आज तिथे आकाशगंगा नावाची उंच इमारत आहे. अल्काझींनी कंबाला हिलवरच्या गच्चीवर नाटकं केली, तीसुद्धा 'नाट्यगृह' म्हणून बांधलेली जागा नव्हे. आणि मग दादरचं छबिलदास. मुलांची शाळा. १९७४ पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने तिथल्या हॉलमध्ये जे केलं, त्यावर आपली निम्मी प्रायोगिक रंगभूमी उभी आहे. बंगला, गच्ची, शाळेचा हॉल. तिन्ही जागा उसन्या.

तर प्रश्न असा: तुमच्या गावात अशी पडायला परवडणारी जागा कुठली? आहे का? होती का?

(मी हौशी प्रकाशयोजनाकार, पोटासाठी आयटीत. चुकलो तर कान धरा.)


चकलीचा_घाणा
रविवार, रात्री ११.३१

पयला!
छबिलदास म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर नाटक नाही, गल्लीतला श्रीकृष्णचा वडा येतो. क्षमस्व. वाचतोय.


दादरकर_जुना
सोमवार, सकाळी ६.४५

वडेवाले, तुमचं चुकलेलं नाही. आमच्या पिढीची निम्मी नाट्यसमीक्षा त्याच वड्याच्या कागदावर झाली.

मी १९७७ साली बँकेत लागलो. शनिवारी अर्धा दिवस. सुटलो की दादरला उतरायचं आणि शाळेचे जिने चढायचे. साधा शाळेचा हॉल, घडीच्या खुर्च्या, कधी सतरंजी. बाहेर दादरचा कोलाहल, तो आत यायचाच. दाराशी 'आविष्कार'चे अरुण काकडे. कोण आलं, कोण नाही, कुणाकडे पैसे नाहीत, हे सगळं त्या माणसाला तोंडपाठ. अरविंद आणि सुलभा देशपांडे स्टेजवर दिसायचे, पण जागा चालवायची म्हणजे काय ते काकडेंकडे बघून कळायचं. पडदा ओढण्यापासून पावती फाडण्यापर्यंत.

हल्ली छबिलदासवर बोलणारे सगळे सुवर्णकाळ सुवर्णकाळ करतात. मी तिथे बसलेला माणूस आहे, म्हणून खरं सांगतो. 'आविष्कार', सत्यदेव दुबेंचं थिएटर युनिट, अमोल पालेकरांचं 'अनिकेत', यांची कामं आजही लक्षात आहेत. पण एका लक्षात राहिलेल्या प्रयोगामागे मी पाच भयाण प्रयोग पाहिले. एकात तर पाऊण तास एक इसम पाठमोरा उभा होता. नंतर कळलं की ते प्रतीक होतं. शेजारचा म्हणाला, "प्रतीक असेल हो, पण त्याला बसायला तरी सांगा."

विंगेतला, तुमचा मुद्दा म्हणून पटला. ते पाच भयाण प्रयोग त्या भाड्यात बसत होते, म्हणून सहावा झाला.

आणि अजून एक. जागा शाळेची, म्हणजे पहिला हक्क शाळेचा, आपण पाहुणे. नव्वदीच्या सुरुवातीला ते संपलं. मग 'आविष्कार' माहीमच्या पालिका शाळेत गेलं. काकडे २०१९ मध्ये गेले. शेवटपर्यंत जागेचीच विवंचना.


बाल्कनी_ब
सोमवार, सकाळी ९.१०

सगळं छान, पण थोडा मिठाचा खडा टाकतो.

ही 'छोटी जागा' कुणाची? मी दोन-तीनदा गेलोय. तेच ते साठ चेहरे. सगळे एकमेकांना नावाने ओळखतात, नव्या माणसाकडे 'हा कोण?' असं बघतात. आज हे नाटक करतात आणि ते बघतात, उद्या ते करतात आणि हे बघतात. याला शहराचं सांस्कृतिक जीवन म्हणायचं की भिशी?

माझी आई नाना पेठेतली, चौथी शिकलेली. तिने आयुष्यात एकच थिएटर पाहिलं, बालगंधर्व. तिथे लावणीचे कार्यक्रम होतात, ऑर्केस्ट्रा होतो, व्यावसायिक नाटक होतं, शाळांची स्नेहसंमेलनं होतात, कुणाच्या तरी एकसष्टीचा सत्कार होतो. माझ्या बहिणीने पाचवीत तिथे कोळीनृत्य केलं तेव्हा आमची अख्खी गल्ली रिक्षा करून आली होती. तुमच्या ब्लॅक बॉक्समध्ये, म्हणजे त्या छोट्या प्रायोगिक खोलीत, गल्ली येते का?

बालगंधर्वच्या भूमिपूजनाला १९६२ मध्ये नारायणराव, म्हणजे खुद्द बालगंधर्व, स्वतः होते. १९६८ च्या २६ जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, ते उघडलं तेव्हा ते हयात नव्हते, आदल्याच वर्षी गेले होते. पुलंनी त्यात जीव ओतला. मधे पाडून नवीन बांधायचं निघालं तेव्हा कोण भांडलं? लावणी कलावंत, नाटकाचे बॅकस्टेजवाले, नट, सगळेच. ते ज्यासाठी भांडले ती जागा मोठीच होती. मोठी जागा म्हणजे फक्त वैभव असं लिहिलंत ते रुचलं नाही.


विंगेतला
सोमवार, सकाळी १०.०२

@बाल्कनी_ब, 'भिशी' हा शब्द जिव्हारी लागला, कारण खरा आहे. 😀

मोठ्या नाट्यगृहाला मी वाईट म्हणत नाहीये. पण तुमच्या बहिणीच्या कोळीनृत्याची तालीम कुठे झाली होती?


बाल्कनी_ब
सोमवार, सकाळी १०.१५

शाळेच्या गच्चीवर. दीड महिना.

बरं, गाठलंत. पण भिशीचं उत्तर राहिलं.


तिसरी_घंटा
सोमवार, दुपारी १.४०

'पडायला परवडणारी जागा' हे ऐकायला गोड आहे. आता हिशोब ऐका. मी नटी आहे, आणि आमच्या ग्रुपची खजिनदारही (कारण बाकी कुणाला बेरीज येत नाही).

मागच्या हिवाळ्यातला प्रयोग, जागेचं नाव नको. तिकीट २०० रुपये, ६८ विकली गेली. १३,६०० जमा. हॉलचं भाडं ६,०००. जास्तीचे लाइट भाड्याने ३,५००. सेटचा टेम्पो येऊन-जाऊन २,५००. चहा, वडापाव, पाणी १,२००. एकूण १३,२००. शिल्लक ४००. माणसं नऊ. त्या चारशेची कांदाभजी खाल्ली.

हे *चाललेल्या* प्रयोगाचं. यात तालमीच्या जागेचं भाडं धरलेलंच नाही, कारण तालीम आमच्या लेखकाच्या सासूबाईंच्या हॉलमध्ये झाली. रात्री साडेनऊला त्यांची मालिका सुरू व्हायची, त्याआधी तिसरा प्रवेश उरकायचा. आमच्या नाटकाचा वेग समीक्षकांनी वाखाणला, त्याचं श्रेय त्या वाहिनीला आहे.

म्हणून माझ्या मते प्रयोगाची जागा हा दुसरा प्रश्न. पहिला तालमीचा. प्रयोग एका संध्याकाळचा, तालीम चाळीस संध्याकाळींची. कोटींची नाट्यगृहं बांधताना तालमीची खोली बांधली जाते का, आणि बांधली तर तिचं गोडाऊन होत नाही ना, हे कुणी बघत नाही.

आता कडू गोष्ट. एका मोठ्या सभागृहात (शहरही सांगत नाही) बायकांच्या मेकअप रूमला लागून जे स्वच्छतागृह होतं, त्याची कडी तुटलेली होती. मी आत असताना सहकलाकार बाहेर उभी आणि तिची एन्ट्री आली! तिने जागेवरूनच पहिलं वाक्य मोठ्याने म्हटलं आणि माझं आवरेपर्यंत विंगेत तसंच बोलत राहिली. प्रेक्षकांना वाटलं, काय आधुनिक दिग्दर्शन आहे. खुर्च्यांचं कापड बदलायच्या आधी कड्या बदला.


चकलीचा_घाणा
सोमवार, दुपारी १.५२

हे नाटक मी पैसे देऊन बघेन.


रंगरेषा
सोमवार, संध्याकाळी ७.२५

धागा नाटकवाल्यांनी पळवला आहे, तेव्हा चित्रकारांच्या वतीने थोडी घुसखोरी.

माझे बाबा फोर्टात कारकून होते. दुपारी डबा खाल्ला की उन्हातून सुटका म्हणून जहांगीर आर्ट गॅलरीत शिरायचे. चित्रांतलं काही कळत नव्हतं, ते स्वतःच सांगायचे. पण दारात कुणी अडवत नाही, तिकीट नाही, 'काय काम आहे' असं कुणी विचारत नाही, याचं त्यांना भारी अप्रूप. वर्षानुवर्षं अर्धा तास रोज. मी सात-आठ वर्षांची असताना एका रविवारी मलाही घेऊन गेले आणि एका अमूर्त चित्रापुढे उभे राहून म्हणाले, "हे मला सहा दिवस आवडलं नाही, सातव्या दिवशी आवडलं." मी चित्रकार झाले याचं कारण बहुतेक ते वाक्य.

१९५२ ची इमारत ती. आत १९६४ पासून समोवार नावाचं कॅफे होतं, लांबट चिंचोळं, बोगीसारखं. परवडणाऱ्या चहावर तीन तास बसता यायचं. वरच्या मजल्यावर केकू आणि खोर्शेद गांधी दांपत्याने १९६३ मध्ये केमोल्ड ही गॅलरी सुरू केली, आणि आज ज्यांची चित्रं कोटींत जातात त्यांच्यातल्या अनेकांना तेव्हा तिथे भिंत मिळाली. म्हणजे खाली कुणीही यावं असं दालन, वर गॅलरी, मधे चहा. बाहेर फुटपाथवर ज्यांना आत तारीख मिळत नाही ते चित्रकार चित्रं लावून बसलेले. हे चारही थर एकाच पत्त्यावर होते. समोवार २०१५ मध्ये बंद झालं तेव्हा बातम्यांत पराठ्यांची आठवण निघाली, पण माझ्या लेखी तिथली बसायची जागा गेली. प्रदर्शन बघून झाल्यावर आता लोक लगेच निघून जातात. कुठे थांबणार?

विंगेतला, तुमच्या प्रयोगातल्या मुलीने वही कुठे उघडली? कट्ट्यावर. तो कट्टा नसता तर?

आणि जहांगीरला तरुण चित्रकाराने अर्ज केला तर नंबर लागेपर्यंत वर्षं जातात. तोवर त्याची शैली बदललेली असते. हासुद्धा तुमचा 'पुढच्या महिन्यात या' वाला प्रश्नच आहे.


करवीरकर
सोमवार, रात्री १०.४८

कोल्हापुरातून लिहितोय. भावा, 'होती का' असं विचारलंस, म्हणून लिहिणं भाग पडलं.

केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून बांधलं, १९१५ चं. शेजारी खासबाग कुस्तीचं मैदान. तालमीतला पैलवान आणि तालमीतला नट, आमच्याकडे दोघांचा शब्दही एक आणि भिंतही एक. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी बारा वाजता तिथं होतो. रस्त्यावर माणसं नुसती उभी. बोलत कोण नव्हतं. आमच्या ग्रुपचा एक रांगडा गडी, सेट उचलणारा, फुटपाथवर बसून लहान पोरागत रडत होता.

लोकांना वाटतं वारसा वास्तू गेली म्हणून रडले. ते खरंच. पण आमचं दुःख जरा लहान आणि जरा जवळचं होतं. पुढच्या महिन्यात स्पर्धेच्या तालमी. राज्य नाट्यची आमची सगळी वर्षं त्या रंगमंचावर गेली. कुठल्या फळीवर पाय ठेवला की करकर वाजते ते माहीत असलेलं स्टेज होतं. माइक नसताना शेवटच्या रांगेत आवाज जायचा.

आता पुनर्बांधणी होतेय. होऊ दे, चांगली होऊ दे. तोवर ग्रुप विखुरलेत. कोण कॉलेजच्या हॉलात, कोण समाजमंदिरात. दोन पोरं पुण्याला गेली ती गेलीच.

बाल्कनी_ब, तुझ्या बाजूनं एक मत धर. मोठं थिएटर जळालं तर लहान ग्रुप मरतात, हे बघितलंय.


बाल्कनी_ब
सोमवार, रात्री ११.०५

@करवीरकर, वाचून गप्प झालो. मत वगैरे राहू द्या.


जयनगरकर
मंगळवार, सकाळी ८.३०

बंगळुरूहून. इथे वीस वर्षं आहे, बायको कन्नड, त्यामुळे दोन्ही भाषांत शिव्या खातो.

भिशीच्या मुद्द्यावर. इथे जे. पी. नगरला रंगशंकरा आहे, २००४ पासून. शंकर नाग सुरुवातीला मुंबईत मराठी नाटकांतच होते, आपल्याकडच्या जुन्या मंडळींना आठवत असतील. १९९० मध्ये अपघातात गेले. अरुंधती नाग यांनी अनेक वर्षं पैसे आणि माणसं जमवून हे थिएटर उभं केलं. साधारण तीनशे खुर्च्या, म्हणजे ना तुमची खोली, ना तुमचं बालगंधर्व. नियम कडक. खेळ सुरू झाला की प्रवेश बंद, मग तुम्ही कुणी का असेना. मी आणि बायको एकदा तीन मिनिटं उशिरा पोचलो. नाटक बंद दाराआड, आम्ही कँटीनमध्ये अक्की रोट्टी खात. तेव्हा चिडलो होतो. आता वाटतं, माझ्या उशिरापेक्षा आतला नट महत्त्वाचा आहे असं सांगणारी ही शहरातली एकच जागा होती.

पण खरी गंमत वेगळी आहे. तिथे जवळपास रोज नाटक असतं. त्यामुळे लोक 'अमुक नाटकाला' जात नाहीत, 'रंगशंकराला' जातात. आज काय आहे ते तिथे पोचल्यावर बघतात. माझा शेजारी औषधांचा घाऊक व्यापारी, नाटकाशी शून्य संबंध, आठवड्यात एकदा जातो. सवय. भिशी मोडायला दुसरा उपाय मला दिसत नाही. मुंबईच्या पृथ्वी थिएटरचंही तेच ना? १९७८ पासून जुहूत, दोनशे खुर्च्या, प्रेक्षक तीन बाजूंनी, सोमवार सोडला तर दार उघडंच. लोक चहाला जातात आणि नाटकाला अडकतात.

छोट्या जागा महिन्यातून चार दिवस उघडणार, तर ओळखीचे साठच येणार. अनोळखी माणूस चुकून आत शिरायचा तर दार उघडं दिसायला हवं ना.


रंगरेषा
मंगळवार, सकाळी ९.१२

"चुकून आत शिरायचा" 👌 माझे बाबा!


मांडवीच्या_तीरी
मंगळवार, दुपारी १२.२०

गोव्याहून दोनच ओळी. पणजीची कला अकादमी, चार्ल्स कोरियांची. नदीच्या बाजूने फिरायला आलेला माणूस नकळत आत येतो, इतकी ती मोकळी रचली आहे. जयनगरकर म्हणतात तसं दार उघडं दिसण्याचा प्रश्नच नाही. एकाच छपराखाली तियात्र (इथलं कोंकणी संगीतनाट्य), मराठी नाटक, गाण्याच्या शाळा. दीनानाथ मंगेशकर सभागृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक रंगवले. खाली चिटपाखरू नसलं तरी भिंती हाउसफुल्ल.

२०२३ च्या जुलैत, दुरुस्तीचं काम चालू असताना, खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं. त्याच नोव्हेंबरात वास्तू पुन्हा उघडली. बाकी इथल्या राजकारणावर लिहिलं तर धाग्याची दिशा बदलेल, म्हणून थांबते.


दादरकर_जुना
मंगळवार, दुपारी ४.०५

जयनगरकरांचं 'रोज उघडी' हे पटलं, पण रोज उघडी ठेवायची तर कुणीतरी रोज तिथे असायला हवं. 'आविष्कार'ला काकडे होते, रंगशंकराला अरुंधतीबाई, पृथ्वीला कपूर कुटुंब. जागेपेक्षा माणूस दुर्मीळ. पालिकेच्या नाट्यगृहाला व्यवस्थापक असतो, पण तो बदलून जातो आणि नवीन आलेला आधी किल्ल्या शोधतो.

पुण्यात महाराष्ट्र कल्चरल सेंटरची मंडळी सुदर्शन रंगमंच चालवतात, हिराबागेत ज्योत्स्ना भोळे सभागृह आहे, आता श्रीराम लागूंच्या नावाने रंग-अवकाश झालंय, प्रदीप वैद्य यांचं 'द बॉक्स' आहे. आम्हा मुंबईकरांना हेवा वाटतो. छबिलदास मुंबईत घडलं आणि त्याची पोरंबाळं पुण्यात नांदतायत.


विंगेतला
मंगळवार, संध्याकाळी ७.५०

काका, वर्सोव्याच्या आरामनगरात छोट्या जागा निघाल्यात की. बंगल्यांतून स्टुडिओ, त्यात पन्नास-साठ खुर्च्या. पण तिथे मराठी कमी ऐकू येतं, आणि त्या बंगल्यांवरही पुनर्विकासाची टांगती तलवार आहेच.

पैसेवाल्यांनाही छोट्या खोलीचं महत्त्व कळतं बरं का. बीकेसीत २०२३ मध्ये अंबानींचं कल्चरल सेंटर झालं. २००० खुर्च्यांचं ग्रँड थिएटर, २५० चं स्टुडिओ थिएटर आणि १२५ चा क्यूब. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रातही आधी १९८० चं टाटा थिएटर आणि मग १९८६ मध्ये तीनशेचं एक्सपेरिमेंटल. छोटी खोली सगळ्यांनाच हवी असते. पण मला नेहमी वाटतं, चकचकीत क्यूबमध्ये पडायचं धाडस कोण करेल? तिथे पडलेलं नाटक डाग वाटतं. शाळेच्या हॉलमध्ये पडलेलं नाटक म्हणजे मंगळवार.


तिसरी_घंटा
मंगळवार, रात्री ८.२२

धाडस मी करेन. कड्या शाबूत असतील तर.

आणि हो, पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, तेवढा एक दिलासा. आमच्या दोनशेवर कर लागला असता तर कांदाभजीही गेली असती. बाकी परिनिरीक्षण मंडळाचं (म्हणजे नाटकाची संहिता आधी तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं) प्रमाणपत्र, पोलिसांची परवानगी, हे ६८ प्रेक्षकांसाठीही तितकंच करावं लागतं जितकं हजारांसाठी. त्यावर वेगळा धागा काढेन, रडका असेल.


वरचा_मजला
बुधवार, सकाळी ६.१०

नमस्कार. अनेक वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच प्रतिसाद. चुकभूल द्यावी घ्यावी.

कर्वेनगर भागात आमचं मंगल कार्यालय आहे, वडिलांपासूनचं. खाली मोठा हॉल, वर एक छोटा, तिथे पूर्वी पंगती बसायच्या. हल्ली सगळं बुफे झाल्याने वरचा मजला बराच रिकामा. चातुर्मासात तर तिथीच नसतात, आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत पूर्ण इमारत शांत. डोहाळजेवणं, साठीशांत, एवढंच.

तिसरी_घंटा यांचा हिशोब वाचून मिसेसना वाचून दाखवला. ती म्हणाली, तालमीला द्यायला काय हरकत आहे, वीजबिल दिलं तरी पुरे. मला नाटकातलं काही कळत नाही. पण चार महिने रिकाम्या हॉलमध्ये झाडू मारायला बाई येते, ती तरी कंटाळते.

अडचणी सांगून ठेवतो. साडेनऊनंतर आवाज चालणार नाही, शेजारी एक निवृत्त न्यायाधीश आहेत. जेवण बाहेरून आणलेलं चालेल पण मांसाहार नको. लिफ्ट नाही. स्वच्छतागृहाच्या कड्या आजच तपासल्या, दोन्ही लागतात.


तिसरी_घंटा
बुधवार, सकाळी ६.१९

मी रडतेय. खरंच. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.


बाल्कनी_ब
बुधवार, सकाळी ९.००

वरचा_मजला साहेब, 🙏. एक शंका: तालमी बघायला बाहेरच्या माणसाने यायचं का? आईला घेऊन यायचा विचार आहे. ती घोरत नाही, पण मधेच बोलते.


वरचा_मजला
बुधवार, सकाळी ९.२४

आईंना जरूर आणा. जिना दगडी आहे, तेवीस पायऱ्या, मधे टेकायला कोनाडा आहे. माझ्या आईसाठीच केला होता.


विंगेतला
बुधवार, सकाळी ९.४१

काका, वर पॉवरचा लोड किती आहे? म्हणजे सहा-आठ लाइट लावले तर चालतील ना? आणि भिंतीत खिळे ठोकायची परवानगी आहे का?


वरचा_मजला
बुधवार, सकाळी १०.०३

लोडचं इलेक्ट्रिशियनला विचारून संध्याकाळी सांगतो.
खिळे नाहीत. तोरणं बांधायचे हुक आहेत छताला, बत्तीस. ते वापरा.